शेकोबाचे तीन तास

मी मीठ बोलतोय. दचकू नका, आणि जिभेवर टेकवून बघायचा विचारही मनात आणू नका. मी खायचं मीठ नव्हे, शेकायचं मीठ. सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि सोडा यांचं जमलं की जे होतं ते मी. बाप आंबट, आई खारट, आणि लोक पोराकडून गोड वागण्याची अपेक्षा ठेवतात.

वयाचं म्हणाल तर जन्माला येऊन वर्षही पुरतं झालेलं नाही. पण माझी वर्षं तुमच्यासारखी मोजायची नसतात. एकदा वितळलो आणि एकदा गोठलो की माझं एक वर्ष. त्या मापानं मी चारशेच्या पुढचा म्हातारा आहे, आणि म्हाताऱ्याला चेष्टा करायला कुणाची परवानगी लागत नाही.

चेष्टा तर माझ्या रक्तातच आहे. मला गरम पाण्यात सोडलं की मी उष्णता पोटात भरून घेतो आणि काचेसारखा स्वच्छ, पातळ होतो. बाहेर काढलं की गार पडतो. आता गार पडल्यावर शहाण्या मिठानं गोठावं की नाही? मी नाही गोठत. पाण्यासारखा गुपचूप पडून राहतो. हात लावणाऱ्याला वाटतं, संपलं, यात काही राम नाही. मग माझ्या पोटातली पत्र्याची एवढीशी टिकली कुणी दाबली की कट्ट वाजतं, त्या टिकलीपासून मी सरसर पांढरा होत जातो आणि दडवलेली सगळी ऊब एकदम बाहेर काढतो. हा खेळ मी भल्याभल्या डॉक्टरेटवाल्यांशी खेळलोय. पहिल्या वेळेला हात मागे न घेणारा एकही भेटला नाही.

माझा जन्म इंदूरजवळ, सिमरोलच्या बाजूला, एका मोठ्या कॉलेजच्या लॅबमध्ये झाला. जन्म देणारी ऋजुता. कराडची पोरगी, पीएचडी करायला एवढ्या लांब आलेली. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, तो मीठ लागलेल्या बोटानं वर सारायची, आणि मग दिवसभर धुकं पडलंय अशी तक्रार करायची.

तिच्या कामामागं एक साधी गोष्ट होती. सिमरोल सोडून घाट उतरला की खाली लांब लांब गावं आहेत. तिथं एखादं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं तर त्याला इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायला तीन तास जातात. एवढ्याशा जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही. आईच्या छातीशी असलं तर उत्तम, पण आईच बेशुद्ध असली तर? त्या तीन तासांसाठी ऋजुतानं मला केलं. वीज नको, बॅटरी नको. टिकली दाबायची आणि बाळाला वर ठेवायचं. कोवळ्या कातडीला सोसावं म्हणून माझ्यात पाणी जरा जास्त घालून माझा तापटपणा उतरवला. मीठ तळाशी बसू नये म्हणून डिंकासारखं काहीतरी चिकट मिसळलं. दोन किलोचा मी, उशीएवढ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद.

प्रश्न एकच होता. पहिल्या दिवशी तीन तास टिकतो ते ठीक. तीनशेव्या वेळीही टिकतो का? लॅबमध्ये याला थर्मल स्टॅबिलिटी म्हणतात. माणसांमध्ये याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, बहुधा त्यांच्यात ती वस्तूच नसावी.

परीक्षेला बसवलं कुणाला, तर माझ्यातल्या एका कणाला. मोहरीएवढा तो, एका महागड्या मशीनमध्ये जाऊन बसला, हजार वेळा वितळला, हजार वेळा गोठला आणि पहिल्या नंबरात पास झाला. तो पदवीधर. मी टेबलावर पडून जे कानावर आलं तेवढंच शिकलो, म्हणून माझी विद्या अर्धवट. पण एक गोष्ट या अडाण्यालाही कळत होती. मोहरीएवढ्याला तळ नसतो. दोन किलोच्या पोटाला तळ असतो, आणि गाळ बसायचा तो तिथं बसतो.

ऋजुताचे गाइड देवेंद्र सर. हा माणूस हसला तर रजिस्टरमध्ये नोंद करावी इतका क्वचित हसायचा. ते तिला म्हणाले, "मोठी बॅग घरी वापरून बघ. इथे सगळे तिचे लाड करतात. रोजच्या वापरातल्या तीनशे सायकल्सचा डेटा हवा मला. मगच ती ॲम्ब्युलन्समध्ये जाईल."

असा मी आषाढात इंदूरच्या छत्रीबागेत आलो.

ऋजुता तिथं वासुदेव आणि सुनंदा या जोडप्याकडे वरच्या खोलीत पेइंग गेस्ट होती. वासुदेव पंचाहत्तरीचा, मिलच्या बॉयलरवर उभा जन्म काढलेला. मिल बंद पडून जमाना झाला तरी सकाळी सहाला भोंगा वाजल्यासारखा उठायचा. सुनंदाची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी लकव्यानं गेलेली. बोलणं शाबूत, पण पाय सदा गार. मूलबाळ नाही. आता तुम्हाला वाटेल मी त्यांना अहो-जाहो का करत नाही. ज्याच्या पायाशी रोज लोळायचं त्याला काय अहो-जाहो करायचं.

"बघू, बघू," सुनंदानं मला उजव्या हातानं चाचपलं. "हा शेकणार होय मला? मग याचं नाव शेकोबा."

"काकू, सॅंपल आहे ते. नंबर आहे त्याला. एस सतरा."

"नंबर जेलमध्ये असतो बेटा," वासुदेव म्हणाला. "आमच्या घरात सगळ्यांना नाव आहे. फ्रिजला पण आहे."

ऋजुतानं नियम समजावले. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, पातेल्यात उकळत्या पाण्यात मला पुरता स्वच्छ होऊ द्यायचं. मग निवू द्यायचं. टिकली दाबायची, मला काकूंच्या पावलांखाली ठेवायचं, बाजूला थर्मामीटरची वायर चिकटवायची. आकडा सदतीसच्या खाली आला की किती वेळ टिकलो ते वहीत लिहायचं. मळायचं नाही, हलवायचं नाही.

"लॉगबुक म्हण ना," वासुदेवची छाती फुगली. "बॉयलर हाउसला एकतीस साल लिहिलं मी. तू टेंशन घेऊच नको."

ती वर गेली, वासुदेव चहा ठेवायला गेला, आणि सुनंदा माझ्याशीच बोलायला लागली. माणसांना ही एक खोड असते, ऐकणारा मुका असला की खरं बोलतात.

"सिमरोलचा ना रे तू? माझं माहेर तिथलं. बाबा शाळेत मास्तर होते." मग थोडं थांबून म्हणाली, "पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेले. सातव्यातच मुलगी झाली. पौषातली थंडी. बाबांनी दुधाची गाडी थांबवली. दर गावाला कॅन चढवत चढवत ती गाडी इंदूरला आली, तीन तास. मी पदरात घेऊन बसले होते. शहराच्या तोंडाशी भंवरकुआँ आलं तेव्हा हालचाल थांबली होती. नाव ठेवलं नव्हतं, मग हाक तरी काय मारायची."

चहा आला तशी ती गप्प झाली. दोघांत तो विषय निघायचा नाही हे मला पुढं कळलं. पन्नास वर्षं निघाला नव्हता. वासुदेवला ऋजुतानं माझं काम काय ते सांगितलं होतं, तेव्हा तो फक्त "बढिया काम आहे" म्हणाला होता आणि उगाच फ्रिज उघडून आत बघत राहिला होता.

पहिले दोन महिने मी राजासारखा जगलो. वासुदेव मला पाण्यातून काढताना पोपटाशी बोलावं तसा बोलायचा, "चला शेकोबा भिया, ड्यूटीवर चला." टिकली दाबायचा हक्क सुनंदाचा. कट्ट झालं की ती रोज नव्यानं हसायची. तीन तास पाच मिनिटं, तीन तास दहा, तीन तास सात. वासुदेव चष्मा पुसून, मोत्यासारख्या अक्षरात आकडा लिहायचा आणि खाली सही ठोकायचा. सही करायला कुणी सांगितलं नव्हतं. ती त्याची स्वतःची हौस.

संध्याकाळी ऋजुता सिमरोलहून बसनं यायची, आधी वही बघायची, मग चप्पल काढायची.

"काकू, पाय कसे आहेत?"

"जिवंत आहेत. तुझी थीसिस कशी आहे?"

"ती लकव्यात आहे."

"मग तिला पण शेकोबा लाव," सुनंदा म्हणायची, आणि त्या घरात दिवसभराचं हसू तेव्हा एकदाच सांडायचं.

श्रावण संपता संपता मला पोटात काहीतरी जड वाटायला लागलं. त्या डिंकाचा दम सुटत होता. वितळताना सगळं अंग स्वच्छ व्हायचं, पण तळाशी एका कोपऱ्यात पांढरी भुकटी तशीच राहायची. पाणी वर, मीठ खाली. मीठ आणि पाणी वेगळी राहायला लागली की त्यांची एकत्र भरलेली ऊबही कमी होते. संसार मोडताना भांड्यांचा आवाज तरी येतो. माझा कण कण मुकाट वेगळा होत होता.

गणपती बसले त्या सकाळी मी दोन तास चाळीस मिनिटांतच सदतीसच्या खाली आलो. वासुदेवनं थर्मामीटर झटकला, पुन्हा बघितला. वही उघडली. त्याच वेळी जिन्यात ऋजुता फोनवर बोलत होती. कराडला आई विचारत होती, गणपतीला का येत नाहीस. ती म्हणत होती, "डेटा पुरा व्हायचाय गं, अजून तीनेक महिने. सगळं नीट चाललंय. खरंच नीट चाललंय." आणि मग फोन ठेवून तिथंच पायरीवर डोळे पुसत बसली.

वासुदेव पेन धरून तसाच उभा. मग त्यानं आदल्या दिवशीची ओळ बघितली आणि खाली तीच उतरवली. तीन तास पाच मिनिटं. सही.

आता त्याला बदमाश म्हणू नका. बदमाशीत मी तज्ज्ञ आहे, त्याला तिचा गंधही नव्हता. बॉयलर हाउसची ती रीतच होती. प्रेशरच्या घड्याळाची सुई अडकलेली असायची, दुरुस्तीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर झोपलेला असायचा, पण कागद कोरा राहिलेला साहेबाला चालत नसे. मग मागच्या पाळीचा आकडा पुढच्या पाळीनं उतरवायचा. वासुदेवच्या हाताला त्या उतरवण्याचं एक वळणच पडलं होतं. शिवाय त्याच्या मनात पक्कं होतं की खरी परीक्षा तिकडे मशीनमध्ये चालली आहे. ही तर घरची वही. पोरीला सणाच्या दिवशी कशाला रडवायचं.

एकदा उतरवलं आणि मग सोपं झालं. दोन तास वीस, लिहिले तीन-पाच. दोन तास, लिहिले तीन-दहा. मधूनच तो तीन-सात लिहायचा, खरं वाटावं म्हणून. एवढी अक्कल त्याला होती.

सुनंदाला कळत नव्हतं असं नाही. माझ्या अंगावर पावलं तिचीच होती. वासुदेव विचारायचा, "गरम आहे ना गं?"

"आहे की. मस्त आहे."

दिवाळीनंतर गारठा पडला, तसं तिनं वासुदेवकडून कपाटातले लोकरी मोजे मागून घेतले. मग आणखी एक जोडी. वरून शाल. तिला वाटायचं, आपण गार आहे म्हटलं तर हे वहीत लिहितील आणि पोरीचं काम अडेल. त्याला वाटायचं, हिला तर गरम लागतंय, मग आकडा थोडा इकडे तिकडे झाला तर काय झालं. ती त्याच्यासाठी खोटं बोलायची, तो पोरीसाठी. त्या घरात तिसरा खोटारडा मी, पण माझा खोटेपणा निदान कट्ट आवाज झाला की संपायचा.

मार्गशीर्षात तीनशे पुरे झाले. ऋजुतानं माझ्या चाळीस बहिणी भरून तयार ठेवल्या. सोमवारी घाटाखालच्या गाड्यांमध्ये त्या जायच्या होत्या. शुक्रवारी ती वहीचा आलेख काढून देवेंद्र सरांकडे घेऊन गेली आणि घरी आली ती फणफणत.

"सर म्हणाले, लाइन फारच सरळ आहे. माणसाच्या घरात इतकी सरळ लाइन येत नाही. रविवारी स्वतः बसून एकदा बघ."

"मग?" वासुदेवनं विचारलं.

"मग काय. मी म्हटलं, आमचे काका तसे नाहीत. बसते मी रविवारी, म्हणजे सरांचं तोंड बंद होईल."

वासुदेवनं फ्रिज उघडला आणि आत बघत राहिला.

रविवारी सकाळी त्यानं पोहे केले, वर शेव जरा जास्तच टाकली. "संडे आहे बेटा, मैत्रिणींबरोबर छप्पन दुकानला चाट खाऊन ये ना. मी लिहून ठेवतो. एकतीस सालचा अनुभव आहे."

"नाही काका, आज मीच."

नऊ वाजता टिकली दाबली. ऋजुता खाटेशी स्टूल घेऊन बसली. वासुदेव खिडकीशी पेपर उलटा धरून. सुनंदा बोलत राहिली, भराभर, कधी नव्हे इतकी. कराडचं हवामान विचारलं, आईच्या गुडघ्यांचं विचारलं, लग्नाचंही विचारून झालं. मी माझ्या परीनं ओढत होतो. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी चेष्टा सोडून जीव लावून काम केलं. पण तळाशी बसलेलं मीठ वर येईना. दहा वाजून दहा मिनिटांनी आकडा सदतीसच्या खाली उतरला.

"थर्मामीटरचे सेल गेले असतील गं," सुनंदा म्हणाली. "पाय तर मस्त गरम आहेत."

ऋजुतानं शालीखाली हात घातला. मोजे लागले. ते काढले तर आत आणखी मोजे. मग पाऊल हातात धरून ती तशीच राहिली.

"काकू, हे मोजे कधीपासून?"

"थंडी आहे ना."

"पाय बर्फ आहेत तुमचे." ती वळली. "काका, काल किती आलं होतं?"

वासुदेवनं वही पुढं केली. तीन तास पाच मिनिटं, सही.

"वहीतलं नाही. खरं."

"एक-पंधरा," तो म्हणाला. "परवा एक-वीस."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं, म्हाताऱ्याला ओरडा खायची सवय होती. तोच बोलत सुटला, "बॉयलरवर असंच करायचे बेटा. सुई अटकली की मागच्या पाळीचा आकडा. कुणाचं काही बिगडत नव्हतं. मला वाटलं, तुझं मशीन तिकडे बरोबर दाखवून राहिलंय. ही तर आपली घरची वही."

"मशीनमध्ये मोहरीएवढं असतं काका. खरी परीक्षा हीच होती." तिचा आवाज अगदी खाली आला होता. "उद्या चाळीस बॅगा गाड्यांत जाणार होत्या. महिना-दोन महिने छान चालल्या असत्या. मग एक दिवस घाटातच गार पडल्या असत्या. तीन तासांच्या रस्त्यात, अर्ध्यावर. आणि गाडीतल्या माणसानं म्हटलं असतं, बॅग आहे ना, मग काय काळजी."

ऋजुताला माहीत नव्हतं की ती कुठला रस्ता सांगते आहे. मला माहीत होतं. मला तोंड असतं तर मी तिला तिथंच थांबवलं असतं.

"नको पाठवू," सुनंदा म्हणाली. मग तिनं ते सांगितलं, दुधाची गाडी, तीन तास, भंवरकुआँ. तिनं ते सगळं ऋजुताकडे बघून सांगितलं, पण ऐकत होता वासुदेव. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

सांगून झाल्यावर म्हणाली, "मला गार लागत होतं गं. मी रोज गरम म्हणत होते. मला, मला कळायला नको होतं का?"

ऋजुतानं उठून देवेंद्र सरांना फोन लावला. चाळीस पिशव्या थांबल्या. तिची पदवी वर्षभर पुढं गेली. संध्याकाळी ती खाली आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, पण हातात कोरी वही होती.

"काका, ही घ्या. आता घसरण लिहा. मला घसरण पण लागते. कशी होते, केव्हा होते, ते कळल्याशिवाय पुढची बॅग करता येणार नाही."

"माझ्यावर भरवसा ठेवते?"

"नाही," ती म्हणाली. "काकूंवर ठेवते. त्या मोजे काढून बसतील."

त्यानंतरचा महिना त्या घरात खरेपणाचा गेला. सुनंदा उघडी पावलं माझ्यावर ठेवायची. आकडा उतरला की वासुदेव मोठ्यानं सांगायचा, "एक तास दोन," आणि ती म्हणायची, "लिहा." अठ्ठावन्न मिनिटं. लिहा. छप्पन. लिहा. मी रोज थोडा थोडा मरत होतो आणि दोघं मन लावून ते मांडून ठेवत होते. गंमत बघा, म्हातारपणाची इतकी इज्जत माझ्या तरुणपणालाही मिळाली नव्हती.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. ऋजुता सिमरोलला गेलेली. सकाळी वासुदेवनं मला नेहमीसारखं पावलांखाली ठेवलं, टिकली सुनंदानं दाबली, हसली, डोळे मिटले. ती कोवळ्या उन्हात तशी डुलकी घ्यायची. वासुदेवनं मधे एकदा येऊन तिच्या पावलांना हात लावला. ऊबदार होती. निर्धास्त होऊन तो पेपर वाचत बसला.

बावन्न मिनिटांनी आकडा उतरला.

"सुनंदा, बावन्न."

उत्तर आलं नाही.

"सुनंदा, बावन्न झाले. लिहू ना?"

मग त्यानं कपाळाला हात लावला.

मी जन्मभर लोकांना फसवलं. गार दाखवून गरम निघालो, लोक हसले, मी हसलो. पण त्या सकाळी ती गेल्यावरही मी तिची पावलं गरम ठेवली, आणि एकदा हात लावून गेलेल्या माणसाला कळू दिलं नाही. ती चेष्टा नव्हती. मला थांबता येत नव्हतं. एकदा टिकली दाबली की मला मधे थांबता येत नाही, एवढंच माझं शिक्षण.

वासुदेवनं वही घेतली आणि लिहिलं, बावन्न मिनिटं. सही केली. मग शेजाऱ्यांना हाक मारली.

दिवस झाले, नातेवाईक आले, गेले. वासुदेव रोज सकाळी मला पातेल्यात सोडायचा, टिकली स्वतः दाबायचा आणि रिकाम्या खाटेवर, पायथ्याशी ठेवायचा. आकडा लिहायचा. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. गादीला शेक देऊन गादी बरी होत नाही हे त्याला सांगायला मला तोंड नव्हतं, आणि वर राहणाऱ्या पोरीनंही सांगितलं नाही.

होळीच्या आधी ती खाली आली, बराच वेळ चष्मा वर सारत उभी राहिली.

"काका, बॅग लॅबला न्यायला लागेल. उघडून बघायचंय, तळाशी किती मीठ बसलंय. नवीन डिंक किती घालायचा ते त्यावरून ठरेल. दुसरी कुठलीच बॅग एवढी वापरलेली नाही."

"उघडून म्हणजे?"

"कापून."

"मग परत शिवून देशील?"

"नाही काका. नाही जमणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. तिच्या अंगाला शेवटचं जे लागलं होतं ते मी होतो. पोरीलाही ते कळत होतं. ती म्हणाली, "घाई नाही," आणि जिन्याकडे वळली. घाई होती. पावसाळ्याआधी नवी पिशवी तयार झाली नसती तर पुढची थंडीही तशीच गेली असती, हे मी तिच्या फोनवर ऐकलं होतं. वासुदेवनंही ऐकलं होतं.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यानं धुतलेला शर्ट घातला, मला सुनंदाच्या शालीत गुंडाळलं, दोन्ही वह्या पिशवीत टाकल्या आणि सिमरोलच्या बसमध्ये चढला. भंवरकुआँ आलं तसा तो खिडकीकडे पाठ करून बसला. त्या रस्त्यानं तो पन्नास वर्षांत गेला नव्हता. तिकडे सासुरवाडी असून गेला नव्हता. मला मांडीवर दोन्ही हातांनी धरून होता. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे काका, जपून चालले?" त्यानं नुसती मान हलवली.

लॅबमध्ये त्यानं आधी जुनी वही ऋजुताच्या हातात दिली. गणपतीपासून त्या रविवारपर्यंतच्या प्रत्येक आकड्यावर लाल पेनानं काट मारली होती, आणि प्रत्येक काटेसमोर लिहिलं होतं, हा आकडा खोटा आहे. खाली पूर्ण नाव घालून सही. दोनशेच्या आसपास सह्या होत्या. देवेंद्र सरांनी ती वही उभ्यानंच पानं उलटत शेवटपर्यंत बघितली आणि वासुदेवला खुर्ची दिली.

आता मी टेबलावर आहे. शाल बाजूला घडी करून ठेवली आहे. माझ्या तळाचा खडा दगडासारखा झालाय, तो तुला सापडेल पोरी, शोधावा लागणार नाही. नीट वजन कर. जे भरेल ते लिही, दया-माया करू नको. तुझ्या पुढच्या पिशवीला माझ्याहून चांगला डिंक दे, आणि घाटाखाली ज्या कुणाच्या हातात ती जाईल त्याला सांग, गार पडली तर गार पडली म्हणायचं. त्यानं कुणाचं मन मोडत नाही. मोडलं तरी चालतं.

ऋजुता कात्री लावते आहे, पण पिशवी गुळगुळीत, सरकते आहे.

"काका, जरा धरता का?"

वासुदेव उठला. त्यानं दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले, घट्ट. मी आज वितळलेलो नाही, टिकली दाबलेली नाही, मी नुसता एक गार दगड आहे. त्याचे हात मात्र गरम आहेत. बॉयलरवाल्याचे हात.

धर, वासुदेव. ऋजुता, आता काप.